बाणाने उतरवलेल्या बाराशे फाइली

आमच्या ताईचं लग्न झालं तेव्हा नवरा कॉम्प्युटरमध्ये आहे एवढंच आम्हाला कळलं होतं, आणि पुढची अकरा वर्षं त्यापलीकडे कोणाला काही कळलं नाही. मी शिवणकाम करते. मला कोणी विचारलं तर सांगता येतं: पडदे शिवते, शाळेचे गणवेश शिवते, जुन्या पँटची उंची कमी करून देते. भाऊजींना विचारलं की ते आधी चष्मा काढायचे, पुसायचे, परत घालायचे आणि म्हणायचे, "तसं सांगण्यासारखं काही विशेष नाही." विशेष नाही तर मग सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सातला उगवता कशाला, असं मी एकदा तोंडावर विचारलं. मी अशीच आहे, फटकळ. ताई माझ्याहून फटकळ होती, आणि आवाज तर असा की चौकशीच्या खिडकीवर नोकरी करताना तिला कधी माइक लागला नाही. काचेआडून "पुढचे कोण?" म्हणाली की रांगेतला शेवटचा माणूससुद्धा दचकून कागद नीट करायचा.

शेवटी एका रविवारी भाऊजींनी सांगितलंच. त्यांच्या ऑफिसात एक हत्यार बनवतात. हत्यार म्हणजे प्रोग्रॅम. त्याला ना बटण, ना चित्र. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, अमुक ठिकाणची अमुक फाइल आण, की ते मुकाट्याने जाऊन घेऊन येतं. भाऊजी ते बनवत नाहीत, बनवणारे वेगळे. ते बिघडतंय का हे बघणं भाऊजींकडे. त्यातही त्यांच्या वाट्याचा कोपरा एवढासा: आणलेली फाइल बायनरी असली तर हत्यार कसं वागतं.

"बायनरी म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे माणसाने वाचायची नाही अशी. फोटो, गाणं, आवाज. तुला दाखवतोच."

आणि त्यांनी ताईचा फोटो, चांगला बागेतल्या बाकावर बसलेला, काळ्या पडद्यावर ओतला. काय सांगू! चौकोन, त्रिकोण, मोडकी अक्षरं, पत्त्यांमधलं इस्पिक, सगळा कचरा धो धो खाली यायला लागला, आणि मध्येच मशीन टिंव टिंव ओरडायला लागलं. थांबल्यावर भाऊजींनी स्वतःचं नाव टाइप केलं तर तेही चौकोनातच उमटलं. पडदाच बिघडला होता. ताई मागे उभी होती. म्हणाली, "ही मी का? लग्नाआधी हा फोटो पाठवला असता तर तुमच्या आईने तिथेच नकार कळवला असता." भाऊजी इतके हसले की चष्मा खाली पडला. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचं काम आवडलं.

तर हा कचरा होऊ नये म्हणून हत्याराने आधी थांबायचं. फाइलीतले पहिले मूठभर बाइट बघायचे (बाइट म्हणजे फाइलीचा सगळ्यात लहान तुकडा, एक आकडा), त्यात शून्य सापडलं की समजायचं ही बायनरी, आणि माणसाला इशारा द्यायचा. इशाऱ्याचं वाक्य भाऊजींनी स्वतः लिहिलेलं: "ही फाइल पडद्यावर ओतली तर पडदा बिघडेल. ती जपून ठेवायची असेल तर मला तिचं नाव सांगा." त्या 'जपून' शब्दासाठी ऑफिसात तीन आठवडे भांडले. बनवणारे म्हणायचे, हत्याराने एवढं लाडात येऊन बोलायचं नसतं. भाऊजी हटले नाहीत. आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीसाठी ते हटले नसतील.

आणखी एक वाट होती. ओळीच्या शेवटी बाणासारखं एक चिन्ह टाइप करायचं आणि पुढे फाइलीचं नाव लिहायचं. मग जे पडद्यावर यायचं ते त्या फाइलीत जाऊन पडतं. बाण दिसला की हत्याराने गप्प बसायचं, कारण माणसाने स्वतःहून दुसरीकडे वळवलंय, त्याचं तो बघेल. भाऊजी चौदा वर्षं हे दोन्ही तपासत आले. बाण नाही, इशारा आला: पास. बाण आहे, इशारा आला नाही, काम झाल्यावर हत्याराने शून्य हा आकडा दिला, म्हणजे सगळं ठीक: पास. प्रत्येक नव्या आवृत्तीला दोनशे बारा चाचण्या. ऑफिसात त्यांचं नावच 'पुन्हाएकदा' पडलं होतं, कारण सगळे घरी निघाले की हे म्हणायचे, पुन्हा एकदा बघू.

मग ताईचा घसा बसला. आठवडाभर, मग महिनाभर. खिडकीवर ओरडून ओरडून बसला असेल म्हणून आम्ही गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. डॉक्टरांनी आत नळी घालून बघितलं आणि भाऊजींना बाहेर बोलावलं. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले, पूर्ण. जीव वाचेल. आवाज जाईल.

ताईने हे ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारला, "मग मी यांना रागवायचं कसं?"

त्यावर डॉक्टरांनीच वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी आवाज नोंदवून ठेवायचा. बाराशे वाक्यं. मग पुढे एक लहान यंत्र मिळतं, त्यावर टाइप केलं की ते माणसाच्या स्वतःच्या आवाजात बोलतं, अगदी आधी कधी न बोललेलं वाक्यसुद्धा. नोंदवणारे वेगळे, आवाज बनवणारे वेगळे. नोंदवणारे फाइली आपल्या हवाली करतात, आणि आपण त्या पुढे पाठवायच्या.

नोंदणीची खोली इस्पितळाच्या तळमजल्यावर होती, भिंतींना जाड स्पंज लावलेली. ताईची रजा होती, पण भाऊजींना सुट्टी मिळेना म्हणून अकरा दुपारी मी तिच्याबरोबर गेले. वाक्यं कोणी लिहिली होती देव जाणे. "निळा ट्रक उतारावर हळू थांबला." "माझ्या मावशीने सहा छत्र्या मोजल्या." ताई वाचायची आणि मध्येच काचेपलीकडच्या नोंदणीवाल्याला झापायची, "सहा छत्र्या कशाला लागतात हो एका बाईला?" तो बिचारा कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचा, "बाई, हे सगळं रेकॉर्ड होतंय." घसा दुखायला लागला की ती पाच मिनिटं माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसायची. मग उठायची. एकही वाक्य तिने अर्धवट सोडलं नाही. शेवटच्या दुपारी आवाज चिरकायला लागला तर चाळीस वाक्यं तिने परत म्हटली. मी म्हटलं, पुरे गं, कोण ऐकणारेय एवढं बारकाईने? म्हणाली, "मलाच ऐकायचंय आयुष्यभर."

फाइली तयार झाल्याची लिंक आली. नोंदणीवाल्याने बजावून सांगितलं होतं: तीस दिवसांत उतरवून घ्या, त्यानंतर आमच्याकडून पुसल्या जातात. माणसाचा आवाज आहे, कोणाच्या हाती पडू नये म्हणून नियम आहे.

त्या रविवारी मी जेवायला त्यांच्याकडेच होते. भाऊजी सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मशीनसमोर बसले. इस्त्रीचा शर्ट, घरी! म्हणाले, "आज माझं हत्यार घरच्या कामाला येणार." घरचं मशीन नवं होतं. त्यांनी पहिली फाइल मागवली आणि हत्यार थांबलं. इशारा आला. "बघ, बघ," ते ताईला म्हणाले, "माझं वाक्य!" ताईने मोठ्याने वाचलं, आधीच घोगऱ्या झालेल्या आवाजात, "ती जपून ठेवायची असेल तर मला तिचं नाव सांगा." आणि म्हणाली, "छान लिहिलंय हो." एवढ्या वर्षांत तिने त्यांच्या कामाचं केलेलं ते एकच कौतुक.

आणि मग भाऊजींनी बाण टाइप केला. रोज जसा करतात तसा. चौदा वर्षांची बोटं ती. पुढे एक छोटी आज्ञा जोडली, एकेक करत बाराशेच्या बाराशे उतरव म्हणून. पाऊण तासात काम झालं. एकदाही तक्रार नाही. प्रत्येक फाइलीपुढे शून्य, शून्य, शून्य. त्यांनी यादी दोनदा मोजली. तीन प्रती केल्या, एक कपाटात, एक ऑफिसात, आणि एक माझ्या शिवणयंत्राच्या खणात, दोऱ्यांच्या रिळांमागे. घराला आग लागली तरी हिचा आवाज वाचेल, म्हणाले.

मी म्हटलं, "एखादी लावून तर बघा."

आता मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. म्हटलं खरं, पण आग्रह धरला नाही, कारण गॅसवर भाजी होती. ताई म्हणाली, "मी इथे जिवंत बोलतेय ती ऐका की आधी! माझे शेवटचे चार दिवस आहेत बोलायचे आणि तुम्ही मशीन ऐकणार?" भाऊजींनी लगेच मशीन बंद केलं. त्यांनाही ते ऐकवलं नसतं, मला ठाऊक आहे. मी पँट शिवली तर गिऱ्हाइकाला घालून बघितल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ देत नाही. हा विचार मला आज इतका छळतो की शिवताना हात थांबतो.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक राहिलं, त्यातून श्वास. आत झडप बसवून थोडं बोलता येतं म्हणाले होते, पण तिच्या जखमेला झडप मानवली नाही, दोनदा बसवून दोनदा काढली. ताई वहीत लिहायची. रागवायचं असलं की पेन्सिल मोडायची. आम्ही तिला सांगत होतो, यंत्र येऊ दे, मग बोल पाहिजे तेवढं. तीही त्याच आशेवर तग धरून होती. वहीत तिने यादी केली होती, पहिल्या दिवशी कोणाकोणाला फोन करायचा त्याची. सतरा जण. पहिली मी.

दोन महिन्यांनी आवाज बनवणाऱ्यांनी फाइली मागवल्या. भाऊजींनी पाठवल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: एकही उघडत नाही, मूळ प्रती पाठवा.

त्यांनी मला दुकानात फोन केला. "तुझ्या खणातली प्रत घेऊन ये." आवाज इतका बारीक की मला वाटलं ताईला काही झालं. मी शटर अर्धं ओढून तशीच धावले. ताई तपासणीला गेली होती, शेजारीण सोबत होती. भाऊजी मशीनसमोर. माझी प्रत लावली. फाइल उघडेना. दुसरी, तिसरी, शंभरावी. मग ते फाइलींच्या आकाराकडे बघत बसले आणि म्हणाले, "सगळ्या जवळजवळ दुप्पट आहेत. आधीच दिसायला हवं होतं."

"मला समजेल असं सांगा," मी ओरडले.

त्यांनी सांगितलं. शांतपणे, कोणाला तरी शिकवावं तसं. ऑफिसातल्या मशीनवर बाण म्हणजे नुसती वाट असते, जे येईल ते जसंच्या तसं पुढे जातं. घरच्या नव्या मशीनवरचा काळा पडदा तसा नाही. बाणातून जे जातं ते अक्षरंच आहेत असं तो धरून चालतो, आणि अक्षरं म्हणून नव्याने लिहून काढतो. जे ओळखू येत नाही त्याच्या जागी एकच ठरलेली खूण. ताईच्या आवाजातलं निम्म्याहून जास्त त्याला ओळखू आलं नव्हतं. हत्याराने आवाज नीट आणून दिला होता. बाणाने वाटेत त्याची माती केली. आणि हत्याराला ते कळायचं कारण नव्हतं, म्हणून शून्य.

"आणि नाव सांगितलं असतं तर? तुमच्या वाक्यात आहे तसं?"

"तर काही झालं नसतं."

मी त्यांना नाही नाही ते बोलले. घरातलं बाहेरचं सगळं काढलं. तुमचा तो आकडा घाला चुलीत, म्हटलं. चौदा वर्षं काय तपासलंत तुम्ही? ते म्हणाले, "ओरडतंय का तेवढंच."  

आम्ही दोघं तडक तळमजल्याच्या त्या खोलीत गेलो. नोंदणीवाल्याने मला ओळखलं, ताईचं नाव घेतलं तसा आधी हसला. मग ऐकलं. मग हसू मावळलं. तिसाव्या दिवशी पुसलंय, म्हणाला, आणि त्या जागेवर आता दुसऱ्या पेशंटांचे आवाज आहेत. भाऊजींनी हात जोडले. माझ्यासमोर, त्या अर्ध्या वयाच्या माणसापुढे. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, असतं तर दिलं नसतं का?" त्याचेच डोळे भरले होते. बसमध्ये भाऊजी खिडकीकडे तोंड करून बसले, आणि आपला थांबा आला तेव्हा मी त्यांना दंड धरून उतरवलं.

तीन आठवडे त्यांनी फाइली दुरुस्त करायची खटपट केली. मी विचारलं, जमतंय का? म्हणाले, "साठ जणांच्या जागी एकाच माणसाचा फोटो लावला तर त्यातला कोण कुठला, कसं ओळखणार?" तरी करत राहिले. घरात जे जुने व्हिडिओ होते ते सगळे जमवले. माझ्याकडचा एक, चाळीस सेकंदांचा, त्यात मागे मिक्सर चालू आहे आणि ताई मिक्सरच्या वर ओरडतेय. आवाज बनवणाऱ्यांनी नम्रपणे कळवलं, एवढ्यावर होणार नाही.

ऑफिसात त्यांनी रीतसर नोंद केली: बाणाने वळवलेली बायनरी फाइल काही मशीनवर खराब होते, हत्याराने इथेही इशारा द्यावा. साहेबांनी वाचून बोलावलं. म्हणाले, वाईट वाटतं, पण यात आपल्या हत्याराचा दोष कुठेय? त्याने नीट आणलं. आणि नाव सांगा असा इशाराही दिला होता की. तुम्हीच लिहिलेला इशारा तो. नोंद बंद झाली. भाऊजींनी मला हे सांगितलं तेव्हा मी साहेबाला शिव्या घालायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "नाही गं. बरोबर आहे त्यांचं. मी असतो तर मीही बंद केली असती."

ताईला सांगणं राहिलं होतं. रोज उद्यावर जात होतं. यंत्राला उशीर होतोय, असं आम्ही दोघं धडधडीत खोटं बोलत होतो, आणि ती त्या सतरा जणांच्या यादीत अठरावं, एकोणिसावं नाव घालत होती. शेवटी मीच म्हटलं, आज सांगा, नाहीतर मी सांगते. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. भाऊजी समोर बसले. त्यांनी चष्मा काढला पण पुसला नाही. "तुझा आवाज माझ्या हातून गेला," म्हणाले. "फाइली मी चुकीच्या रीतीने उतरवल्या. सगळा दोष माझा आहे."

ताईने हात पुसले, वही ओढली. लिहिलं, "सगळ्या?"

"सगळ्या."

तिने लिहिलं, "सहा छत्र्यासुद्धा?" आणि तिचे खांदे हलायला लागले. आम्हाला कळेना, हसतेय की रडतेय. आवाज नसला की ते कळत नाही हो, तोपर्यंत मला हे माहीतच नव्हतं. भाऊजी पुढे झाले तशी तिने हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं, आणि उरलेले मटार शेवटच्या दाण्यापर्यंत सोलले. त्यानंतर दोन दिवस तिने वहीत काही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं ते फक्त सामानाची यादी.

यंत्र आलं. त्यात कारखान्यातले तयार आवाज होते, बायकांचे तीन. एक गोड, एक फार गोड, आणि एक बातम्या सांगतात तसा. ताईने तिन्ही ऐकले आणि बातम्यांवाला घेतला. तो निदान स्पष्ट होता. भाऊजी म्हणाले, छान आहे. मीही म्हटलं, छान आहे. तिने कोणाला फोन केला नाही. मलाही नाही.

आठवड्याने मी तिच्याकडे गणवेशांची काजं करायला बसले होते. संध्याकाळची वेळ. भाऊजी ऑफिसातून येऊन आतल्या खोलीत बनियनवर पडले होते. ताईने पानं वाढली, यंत्र उचललं, सावकाश टाइप केलं आणि बटण दाबलं. यंत्र म्हणालं, "अहो."

आत पलंग करकरला. भाऊजी शर्टाची बटणं लावत, केस हाताने बसवत लगबगीने बाहेर आले, थेट दारापर्यंत गेले, आणि दार उघडून बघू लागले. बाहेर कोणी नव्हतं. वळून मला म्हणाले, "कोण बाई आल्या होत्या गं?"

मी मान खाली घालून काज करत राहिले. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, यंत्र हातात. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मी आजवर त्यांचा तसा चेहरा बघितला नव्हता, आणि पुन्हा बघायची वेळ माझ्यावर येऊ नये.

ताईने यंत्र बंद केलं, डब्यात घातलं आणि डबा माळ्यावर टाकला. आता जेवायला बोलवायचं असलं की ती ताटलीवर चमचा वाजवते. दोनदा वाजला की ते येतात.